सत्तावीस दिवसांची नोटीस

रविवार, ९ जून

जानेवारीनंतर या वहीत एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल क्षमा. कुणाची क्षमा मागते आहे, ते मात्र ठरवता येत नाही. वहीची मागणं हास्यास्पद, आणि देवाची म्हणावं तर त्याच्याशीही जानेवारीपासून नीट बोलणं झालेलं नाही. दोघांची एकदमच मागून ठेवते.

कारण असं, की एप्रिलच्या वार्षिक सभेत मी सेंट बोटॉल्फ चर्चची वॉर्डन, म्हणजे इमारत आणि कारभार सांभाळणारी, झाले. (जानेवारी ते एप्रिल या काळाला कारण नाही. तो निव्वळ आळस.) नोंदवहीत 'फिलिपा गुडरम एकमताने निवडून आल्या' असं आहे. प्रत्यक्षात आमच्या पाद्रीबाई रेव्हरंड मार्गोंनी "कोण होतंय?" असं विचारताच सगळे छताकडे बघायला लागले आणि मी तेवढी चष्मा पुसत होते. दुसरा वॉर्डन कॉलिन यॅक्सली. बिटाची शेती करतो, एकतीस वर्षं वॉर्डन आहे. सभा संपल्यावर माझा हात हातात घेऊन म्हणाला, "यातून सुटायच्या दोनच वाटा आहेत बघ. एक तर आपण मरायचं, नाहीतर चर्चनं."

दुसरी वाट लांब नाही. आज उपासनेला नऊ जण. कॉलिनचा कुत्रा धरला तर दहा. मी नऊच लिहिले.

"दहा लिही की," कॉलिन म्हणाला. "उभं राहायचं तेव्हा तो उभा राहतो, बसायचं तेव्हा बसतो, उपदेशाला झोपतो. बाकीचे आणखी वेगळं काय करतात?"

"तो बाप्तिस्मा घेतलेला नाही."

"गेल्या हिवाळ्यात ओढ्यात पडला होता."

तरी नऊच लिहिले. पुस्तकांच्या शेवटी येणाऱ्या सूची तयार करणं हा माझा धंदा आहे. एक पान चुकलं तरी मला झोप येत नाही.

रेव्हरंड मार्गो क्षमा न होणाऱ्या पापावर बोलल्या. मध्येच मिस थ्रोअर उठल्या आणि ताठ मानेनं, पण फार झपाझप, बाहेर पडल्या. परत आल्या नाहीत. एनिड थ्रोअर अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. गावच्या शाळेत त्यांनी मला बेरीज शिकवली आणि प्रभूची प्रार्थना पाठ करून घेतली. साठ वर्षं त्या दुसऱ्या बाकावर बसतात. उपदेश त्यांना पटला नसावा. इतका स्पष्ट निषेध करायला खरी श्रद्धा लागते. मला पटला की नाही हेच मला कळलं नाही, म्हणून मी शेवटपर्यंत बसून राहिले.


मंगळवार, १८ जून

समितीची सभा. विषय एकच: मनोऱ्याखालच्या कोपऱ्यातली शेवटची दोन बाकं काढून तिथं संडास आणि एक नळ. पैसे एका मृत्युपत्रातून केव्हाच आलेले आहेत. सहाशे नव्वद वर्षांत या चर्चनं प्लेग पाहिला, मूर्ती फोडणारे सैनिक पाहिले, दोनदा वीज झेलली. संडास तेवढा पाहिलेला नाही. सभेत तो शब्दही कुणी उच्चारला नाही. सगळे 'ती सोय' म्हणत होते.

मि. लशिंग्टन आले होते. सेंट बोटॉल्फ मित्रमंडळाचे अध्यक्ष. लंडनहून निवृत्त होऊन त्यांनी जुनं पाद्रीघर घेतलं, त्याला सात वर्षं झाली. नाताळाला आणि वाद्यमैफलीला चर्चमध्ये येतात.

"ही बाकं या वास्तूचा आत्मा आहेत," ते म्हणाले. "आपण फक्त विश्वस्त आहोत. हा वारसा आपल्याला पुढच्या पिढीकडे द्यायचाय."

"रविवारी या ना साहेब," कॉलिन म्हणाला. "त्या आत्म्यावर बसून बघा तासभर."

"मी रूढ अर्थानं श्रद्धावान नाही, मि. यॅक्सली."

"श्रद्धा नको. उशी आणा."

लशिंग्टन म्हणाले, सोयीची एवढीच निकड असेल तर गावात घरं आहेत, झाडं आहेत, पूर्वीचे लोक काय करत होते? कॉलिननं वर बोट दाखवलं. छतात आमची वटवाघळं असतात, दोनशे तरी. कायद्यानं त्यांना हात लावता येत नाही. प्रभुभोजनाच्या मेजावर सुद्धा ती हवं तिथं, हवं तेव्हा आपली सोय करून घेतात आणि आम्ही शनिवारी पुसतो. "या चर्चात परवानगी फक्त त्यांना आहे," कॉलिन म्हणाला. "तीही बाप्तिस्मा न घेता." हे माझ्याकडे बघून.

ठराव झाला. पाच विरुद्ध दोन.

सभा संपल्यावर मिस थ्रोअर पहिल्यांदाच बोलल्या. "किती दिवस लागतील याला?"

मी सांगितलं: नोटीस अठ्ठावीस दिवस दारावर, मग कागद धर्मप्रांताच्या न्यायालयात, फार कुणी हरकत घेतली नाही तर जुलैअखेर परवानगी, ऑगस्टमध्ये काम.

"ऑगस्ट," त्या म्हणाल्या, आणि बोटांवर काहीतरी मोजलं.

बाकं जाणार याचा त्यांना किती त्रास होतोय, हे माझ्या आधी लक्षातच आलं नव्हतं.


शनिवार, २२ जून

नोटीस लावली. एक दारावर, एक आत. चार टाचण्या, चारही एका उंचीवर.


रविवार, ३० जून

अकरा जण, पण त्यातले दोन चुकून आलेले. त्यांना पलीकडच्या गावचं किल्ल्याचं पटांगण हवं होतं. लिहावे की नाही? स्तोत्राच्या दुसऱ्या कडव्यापर्यंत थांबले होते. लिहिले.

मिस थ्रोअर आज साठ वर्षांत पहिल्यांदा दुसरं बाक सोडून अगदी मागे, दाराजवळ बसल्या. म्हणजे जी बाकं काढायची आहेत त्यांतल्याच एकावर. मूक सत्याग्रह! उपासनेआधी मी चहा पुढे केला तर हात आडवा केला. "रविवारी घेत नाही मी हल्ली काही. पाणीसुद्धा नाही."

उपास धरलाय त्यांनी. आणि मी आजच उपासनेतलं वाचन करण्याआधी जॅम लावलेले दोन टोस्ट खाल्ले होते. उपास, प्रार्थना, मौन: आमच्या पंथात हे सगळं पुस्तकात आहे, पण करताना मी प्रथमच कुणाला पाहिलं. मी चर्चवर प्रेम करते की चर्चमधल्या देवावर, हा प्रश्न दिवसभर सुटला नाही. दगड मला आवडतात, हे नक्की. देवाबद्दल असं ठाम लिहिता येत नाही.

तिसऱ्या स्तोत्राला त्या बाहेर गेल्या.


बुधवार, १० जुलै

जिल्हा दप्तरखान्यात दिवस घालवला. अर्जासोबत बाकांचं महत्त्व सांगणारं टिपण जोडावं लागतं. गावात प्रत्येकाच्या पणजोबानं ती बाकं कोरलेली आहेत. मोजले तर पणजोबा बाकांपेक्षा जास्त भरतात.

खरी गोष्ट: बाकं १८७३ साली कारखान्यातून आली. पाइनची, यंत्रावर कापलेली, ओकसारखी दिसावीत म्हणून तपकिरी रंग दिलेली. त्यांच्यासाठी तेव्हाच्या पाद्र्यानं खरी ओकची, साडेचारशे वर्षांची बाकं उपटून काढली. त्यांतलं निम्मं लाकूड डुकरांच्या गोठ्याला गेलं.

संध्याकाळी जाऊन मि. लशिंग्टनना सांगितलं. मला वाटलं, सत्य कळल्यावर ते हरकत मागे घेतील.

"म्हणजे अस्सल व्हिक्टोरियन!" त्यांचा चेहरा उजळला. "मग तर आणखीच जपायला हवीत."

"आणि डुकरांचा गोठा?"

"तो अजून उभा आहे का?" त्यांनी वही काढली.


सोमवार, १५ जुलै

हरकतीचं पत्र आलं, त्रेचाळीस सह्या. सगळी नावं ओळखीची. आमच्या हजेरीच्या नोंदवहीत त्यांतली सहा सापडतात, तीही नाताळाच्या पानावर. शोध लावताना मला जो आनंद झाला तो ख्रिस्ती नव्हता. इथं कबूल करून ठेवते.

रेव्हरंड मार्गोंना दाखवलं. त्यांच्याकडे सात चर्च आहेत. त्या नेहमी घाईत असतात. म्हणाल्या, "फिलिपा, या लोकांना चर्च हवं असतं ते आपण न गेलो तरी दुसऱ्या कुणीतरी जायला. ती दुसरी माणसं म्हणजे तू, कॉलिन आणि एनिड. चॅन्सेलर काही खुळे नाहीत, धर्मप्रांताच्या न्यायालयाचे न्यायाधीश आहेत ते. नोटीस पुरी होऊ दे. देतील परवानगी."


रविवार, २१ जुलै

मोठीच अडचण झाली आहे.

काल लग्न होतं. शुक्रवारी संध्याकाळी नवरीची आई आली. "दारावरचा तो कागद काढा हो. माझ्या पोरीच्या प्रत्येक फोटोत तिच्या डोक्यामागे 'मलनिस्सारण' दिसेल." मी मोजलं: २२ जून ते १९ जुलै, बरोबर अठ्ठावीस दिवस. काढला.

आज प्रमाणपत्राचा नमुना भरायला घेतला. तळाशी बारीक अक्षरात: लावल्याचा दिवस धरू नये. म्हणजे सत्तावीस. आणि खाली माझी सही हवी: 'नोटीस पूर्ण अठ्ठावीस दिवस लावलेली होती, असे मी प्रमाणित करते.'

रेव्हरंड मार्गोंना फोन केला. त्या गाडीत होत्या.

"कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय."

"काल दारावर दीडशे पाहुणे होते. एकालाही संडासावर हरकत नव्हती. उलट लग्नाला आलेले निम्मे विचारत होते, आहे कुठं म्हणून."

"पण मी खोटं प्रमाणित कसं करू?"

"मग कर सही आणि माग क्षमा. मी आत्ताच देऊन टाकते. देऊ? मला दहा मिनिटांत पुढच्या चर्चात पोचायचंय."

मी सही केली नाही. धर्मप्रांताच्या कचेरीला सगळं खरं खरं लिहिलं. पत्र पेटीत टाकून परत येताना चर्चमध्ये जरा बसले. किती वर्षांनी प्रथमच प्रार्थना करताना कुणीतरी ऐकतंय असं वाटलं.


शुक्रवार, २६ जुलै

कचेरीचं उत्तर. माझ्या प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले आहेत. नोटीस पुन्हा पहिल्यापासून लावायची. हरकती पुन्हा मागवायच्या. ऑगस्टमध्ये न्यायालयाला सुट्टी, मग वारसा जपणाऱ्या संस्थांचं म्हणणं, मग सुनावणी. निकाल 'बहुधा ईस्टरच्या सुमारास', म्हणजे पुढच्या एप्रिलमध्ये.

कॉलिनला वाचून दाखवलं. तो कुत्र्याचे कान चोळत राहिला. "फिलिपा, तू स्वर्गात जाशील बघ," म्हणाला. "तिथं नक्की सगळ्यांत आधी पोचशील, आणि दार उघडं असलं तरी बाहेर नोटीस वाचत उभी राहशील."

लशिंग्टननी मात्र अभिनंदनाची चिठ्ठी पाठवली आहे.


रविवार, २८ जुलै

आठ जण.

नवी नोटीस कालच लावली. मिस थ्रोअर उपासनेआधी तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचली. शाळेची सवय, माझं शुद्धलेखन तपासत असाव्यात. मग आत न येता घरी गेल्या. आठमध्ये त्या नाहीत.


मंगळवार, २० ऑगस्ट

मिस थ्रोअर सलग तीन आठवडे आलेल्या नाहीत. आज त्यांच्याकडे गेले. "गुडघे," एवढंच म्हणाल्या. चेहरा तर चांगला दिसत होता. उपासही सुटलेला असावा; माझ्यासमोर तीन कप चहा घेतला, मध्ये एकदा उठून आत जाऊन आल्या.

मी त्यांच्यासाठी एक भेट नेली होती: दुसऱ्या बाकाचा फोटो, चौकटीत. खिडकीतून येणारं ऊन अगदी बरोबर पडलंय.

त्यांनी फोटोकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"बाक," त्या म्हणाल्या.

"हो."

"छान आलंय."

निघताना विचारलं, "मग कामाचं काय म्हणतात?"

"तुम्ही अजिबात काळजी करू नका," मी त्यांचा हात धरून म्हटलं. "इतक्यात काहीही होत नाही. मागच्या बाकांना कुणी हात लावणार नाही. वर्षभर तरी नाही."

त्यांनी माझ्यासाठी दार उघडलं. मला वाटतं, धीर आला.


शनिवार, ७ सप्टेंबर

अडीच आठवडे विचार केला, प्रार्थनाही केली (उत्तर आलं असं म्हणवत नाही). या चर्चमध्ये खरी प्रार्थना करणारी एकच व्यक्ती होती आणि आम्ही तिला घालवून दिलं. कशासाठी, तर सोयीसाठी! देवाच्या घरात माणसाची सोय आधी की श्रद्धा? प्रश्न असा मांडला की उत्तर कठीण राहत नाही.

अर्ज मागे घेण्याचं पत्र लिहिलं. वॉर्डनला तो अधिकार आहे, समितीनं नंतर मान्य करायचं. कॉलिनला दाखवायला घेऊन गेले. तो ट्रॅक्टरखाली होता. पत्र वाचून बाहेर आला.

"एनिडसाठी मागे घेतेस?"

"त्यांना ती बाकं गेलेली सोसणार नाहीत."

"हे ती म्हणाली?"

"त्या कशाला म्हणतील? सोसतात त्या."

त्यानं हात पुसले. "पत्र टाकायचं तर टाक. पण आठवडाभर थांब. तिसऱ्या रविवारी आपल्याकडे उपासना नसते ना? त्या दिवशी वेक्सली गावात मेथडिस्टांकडे जाऊन बस एकदा."

"मी? मेथडिस्टांकडे? दुसऱ्या पंथाच्या चर्चात? कशाला?"

"एनिड जाते. ऑगस्टपासून. दर रविवारी टॅक्सीनं."

आधी वाटलं, पंथ बदलला त्यांनी. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी! अशी श्रद्धा असावी.


रविवार, १५ सप्टेंबर

वेक्सलीचं मेथडिस्ट चॅपेल १९६८ सालचं आहे. बाहेरून पोस्टाची कचेरी वाटावी असं. जपण्यासारखं काहीही नाही. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, गालिचा, गरम हवा. चौतीस माणसं. (सवयीनं मोजली.)

मिस थ्रोअर पहिल्या रांगेत होत्या. उपदेश अडतीस मिनिटं चालला आणि अगदी सुमार होता. मधे एकदा त्या उठल्या, बाजूच्या दारातून गेल्या, आणि पाच मिनिटांनी परत येऊन बसल्या. परत येऊन बसल्या! मी त्या दाराकडे बघत राहिले. त्यावर बाईचं चित्र होतं.

संपल्यावर त्यांनीच हाक मारली. हातात चहाचा कप होता.

"ये गं पोरी. चहा घे. इथं प्यायला भीती नाही."

"मिस थ्रोअर, तुम्ही..."

"संडास आहे इथं," त्या म्हणाल्या. मोठ्यानं म्हणाल्या, वर्गात फळ्यावरचा शब्द वाचून दाखवावा तसा. "आत गरम असतं. धरायला दांडा आहे भिंतीला, उठताना बरं पडतं. गाणी मात्र फार. आणि प्रभुभोजनाला वाइनच्या जागी द्राक्षाचा रस देतात, तो घशाखाली उतरत नाही."

"मला वाटलं, तुम्हाला बाकं..."

"बाकं? साठ वर्षं त्या बाकानं माझी पाठ मोडलीय. जाळा ती बाकं. मी काडी देते."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"कुणाशी? तुमच्या त्या सभेत? सगळे 'सोय, सोय' करत होते. तिथं उभं राहून सांगू, की मला अर्ध्या तासावर धरवत नाही?" त्यांनी घोट घेतला. "आणि सांगायची गरज काय होती? ठराव झाला होता. तूच म्हणालीस, ऑगस्ट. मी म्हटलं, तेवढे आठवडे पाण्यावाचून काढू. दाराजवळ बसू. काढले. मग दुसरी नोटीस लागली."

ती का लागली हे सांगितल्यावाचून मला तिथून उठता येणार नव्हतं. सगळं सांगितलं: लग्न, फोटो, बारीक अक्षरं, सत्तावीस दिवस, माझं पत्र. आणि त्या संध्याकाळी चर्चमध्ये मला किती हलकं वाटलं, तेही.

त्या ऐकत होत्या. माझी बेरीज चुकली की ज्या नजरेनं बघत, तीच नजर.

"एक दिवस?"

"एक दिवस."

"आणि तुला हलकं वाटलं."

"हो."

"बरं झालं. आपल्यापैकी एकीला तरी वाटलं." मग कप खाली ठेवला. "देव थांबेल गं ईस्टरपर्यंत. त्याला काय! मला नाही थांबता येत."

मी विचारलं, आम्ही काही केलं तर परत याल का. म्हणाल्या, "पुरायला तर तिथंच येणार आहे, आईशेजारी जागा आहे माझी. तेव्हा संडास लागत नाही. त्याआधी यायचं की नाही, ते तुमच्या हातात. पण आता मला कागद दाखवू नकोस. मी खूप कागद तपासले आयुष्यात."

त्यांची टॅक्सी आली.

घरी येऊन अर्ज मागे घेण्याचं पत्र फाडलं. एकदा फाडून बरं वाटेना म्हणून आणखी तीनदा. मग मूळ अर्ज वाचला, अकरा पानं. त्यात बाकांची मापं आहेत, रंगाचा थर आहे, पणजोबांबद्दल तळटीप आहे. मिस थ्रोअर कुठंच नाहीत. मी लिहिलेल्या टिपणाची मी केलेली सूची चोख आहे. 'माणसे' असा शब्द तिच्यात येत नाही.

संध्याकाळी कॉलिनकडे गेले. त्याच्या शेतावर तंबूतली लग्नं होतात, तेव्हा एक माणूस ट्रेलरवर फिरता संडास आणतो. तो आमच्या आवारात दर रविवारी उभा करता येईल का, असं विचारलं.

"येईल की. उत्तरेच्या भिंतीपाशी जमीन सपाट आहे. फक्त तिथं लशिंग्टनच्या जेवणघराची खिडकी येते." त्याला हसू आवरत नव्हतं. "पण आवारात काहीही उभं करायचं तर परवानगी लागते ना गं? अर्ज, नोटीस, अठ्ठावीस दिवस?"

"लागते," मी म्हटलं.

"मग?"

कुत्रा माझ्याकडे बघत होता, कॉलिनही. हे पाप आहे का, याचा विचार परतीच्या वाटेवर करायचं ठरवलं होतं. वाट संपली आणि विचार करायचा राहूनच गेला.

उद्या: फिरत्या संडासवाल्याला फोन करून आत धरायला दांडा आहे का ते विचारणे.